नवमीची सवाष्ण

मुलुंडच्या बाजारात केळीची पानं सकाळी सातलाच संपतात, हे वनमालाला ठाऊक होतं. म्हणून तिने लेकीला सहालाच उठवलं आणि हातात पिशवी देऊन पिटाळलं.

"सहा साधी आण आणि एक शेंड्याचं. शेंडा चिरलेला नको, बघून घे. आणि तोंड उघडून माग. गेल्या वेळेसारखी नुसती उभी राहू नकोस."

वसुधा नववीत होती. डोळ्यांनी तिला सगळं दिसायचं, पण अनोळखी माणसापुढे तोंड उघडायचं म्हटलं की ती मागे सरायची. पानवाली कोपऱ्यावर पोतं पसरून बसली होती. दोन बायका पानं घेऊन गेल्या तरी वसुधा आपली उभीच.

"काय गं, फोटो काढायला आलीस काय?" पानवाली म्हणाली. "किती देऊ?"

"सहा... आणि एक शेंड्याचं."

"मोठ्याने बोल की. सवाष्ण जेवणार असेल आज. कोण गेली?"

"आजी."

"आजोबा आहेत?"

वसुधाने होकाराची मान हलवली.

"मग नशीबवान गेली," असं म्हणून पानवालीने गठ्ठ्याच्या पोटातून एक कोवळं, लांब शेंड्याचं पान काढून वर ठेवलं.

पितृपक्षातली ती नवमी होती. नवरा मागे ठेवून जी बाई जाते, तिच्या नावाने या दिवशी एका सवाष्णीला बोलवायचं, पोटभर जेवू घालायचं, ओटी भरायची, साडी द्यायची. नवरा आहे तोवर दरवर्षी. वसुधाची आजी जानकी गेली ती ब्याऐंशीच्या मार्चमध्ये. त्या साली वर्षश्राद्ध व्हायचं होतं, म्हणून नवमी केली नव्हती. आता त्र्याऐंशीत ही पहिलीच.

आदल्या संध्याकाळी याच नवमीवरून घरात एक गोष्ट निघाली होती, आणि ती वसुधाच्या मनातून रात्रभर गेली नव्हती. वनमाला काळे वाटाणे भिजत घालत होती. घालता घालता तिने सहज नवऱ्याला विचारलं, "आईंना काय आवडायचं हो? वडे-सांबार, खीर हे तर करतेच आहे. पण एक पदार्थ त्यांच्या आवडीचा हवा ना."

जयवंत कारखान्याचे बूट पुसत होता. "आईला? आईला सगळंच आवडायचं."

"म्हणजे तुम्हाला काही माहीत नाही."

"माहीत नाही कसं? थांब, आठवू दे..." तो हातात बूट धरून बराच वेळ बसला. त्याला काही आठवलं नाही. शेवटी त्याने बाहेरच्या खोलीत हाक मारली, "बाबा, आईक काय आवडायचा ओ?"

आजोबा, म्हणजे गुणाजी, खाटेवर बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचा माणूस सावलीसारखा दिसायचा. ते म्हणाले, "तिका काय आवडणार? ती कधी जेवायची ताच माका म्हायत नाय."

आणि ते खरं होतं. जानकी तेराव्या वर्षी लग्न होऊन मालवणहून बोटीने मुंबईला आली, आणि पंधराव्या वर्षी लालबागच्या एका खोलीत तिने खानावळ मांडली. गावाकडची, गिरणीत लागलेली अठरा-वीस माणसं दोन पाळ्यांत तिच्याकडे जेवायची. पहाटेची पाळी, दुपारची पाळी, मग नवरा, मग मुलं. सगळी उठली की ती पातेलं पुढ्यात ओढायची, बुडाला लागलेली खरवड उलथन्याने काढायची आणि चुलीकडे तोंड करून चार घास खायची. हातांवर कोपरापर्यंत तेलाचे डाग पडलेले, काही पांढरे, काही काळे. पुढे खानावळ बंद झाली, मुलुंडला दोन खोल्यांची जागा झाली, माणसं अठराची चार झाली. पण तिची बसायची वेळ काही बदलली नाही. कोणी म्हटलं, "आई, बसा आता," तर म्हणायची, "तुमचा होवंदे. मी मागसून बसतंय."

"पन्नास वर्षं संसार केला," वनमाला वाटाण्यांवर पाणी ओतत म्हणाली, "आणि घरात एकालाही सांगता येत नाही."

वसुधा कोपऱ्यात वही घेऊन बसली होती. तिला सांगता आलं असतं. घरात एकट्या तिलाच सांगता आलं असतं. पण ते सांगायचं तर त्याच्या पुढचंही सांगावं लागलं असतं, म्हणून ती वहीत बघत राहिली.

आजीच्या शेवटच्या दुपारी आजोबा खाली कट्ट्यावर बसले होते, आणि घरात त्या दोघीच होत्या. सातवीची परीक्षा तोंडावर आलेली. आजी महिनाभर अंथरुणाला खिळलेली, डॉक्टरांनी फक्त पेज सांगितलेली. आजीने हाक मारली, "बाये... माका एक घावणो घालून दी गो. ऊन ऊन. तव्यावरचो." जन्मभर तिने हजारो घावनं घातली होती. पहिलं, जाळीदार, गरम घावन दुसऱ्यांच्या पानात आणि शेवटचं, फाटकं, गार झालेलं तिच्या वाट्याला. त्या दुपारी तिला एकच हवं होतं, बसून खायचं, दुसऱ्या कोणी घातलेलं.

"डॉक्टरांनी नको सांगितलंय," वसुधा म्हणाली. आजीने पुन्हा हाक मारली. "आई आल्यावर," वसुधा म्हणाली आणि पुस्तकात डोकं घातलं. तिसऱ्यांदा आजीने हाक मारली नाही. आई चार वाजता आली, तेव्हा आजी गेलेली होती.

हे वसुधाने कोणालाही सांगितलं नव्हतं.

तर आता सवाष्णीचं. मोठ्या वयाची सवाष्ण मिळेना. ओळखीच्या बायकांनी या ना त्या कारणाने अंग काढून घेतलं. शेवटी जयवंतच्या कारखान्यातल्या सीतारामने आपल्या आईला पाठवायचं कबूल केलं. रत्नप्रभा तिचं नाव. घाटकोपरला राहायची, गाव मालवणकडचंच. घरात तिला कोणी पाहिलेलं नव्हतं. सीतारामने पत्ता घेतला आणि म्हणाला, "बारापर्यंत येईल म्हातारी. न्यायला येऊ नकोस, ती सगळी मुंबई पालथी घालते."

सकाळपासून स्टोव्हचा भर्र आवाज थांबला नव्हता. स्वयंपाकघरात रॉकेलचा वास, वड्यांचा वास, भिजलेल्या केळीच्या पानांचा हिरवा वास. बाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं. वनमालाने वड्यांचं पीठ थापता थापता वसुधाला बजावलं, "आणि हे बघ, आज त्या निघाल्या की दारात 'पुन्हा या' म्हणायचं नाही. त्याही 'येते' म्हणणार नाहीत. पितरांचं जेवण आहे. गपचूप उठायचं, गपचूप जायचं."

"बरं."

"बरं नाही, लक्षात ठेव. एरवी तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण तेवढं मात्र पोपटासारखं म्हणतेस."

ती सवय आजीनेच लावलेली होती. पाहुण्याला मुक्या तोंडाने निरोप देऊ नये, म्हणून दारात नातीच्या पाठीला बोट टोचून म्हणायला लावायची. तेवढं एकच वाक्य वसुधाला न अडखळता यायचं.

साडेअकराला दाराची कडी वाजली.

वसुधाने दार उघडलं. दारात एक म्हातारी बाई उभी होती. ठेंगणी, कपाळावर मोठं कुंकू, दोन्ही हात पदराखाली. चेहरा अनोळखी.

"या, या. सीतारामच्या आई ना?" जयवंत पुढे आला.

बाई नुसती हसली आणि आत आली. वनमालाने पाय धुवायला मोरी दाखवायच्या आत ती मोरीत गेलीसुद्धा. त्या मोरीचं दार फुगलेलं होतं. नवा माणूस हमखास ओढत बसायचा, कारण ते आधी वर उचलून मग ढकलावं लागायचं. बाईने ते उचलून ढकललं. वसुधाने ते पाहिलं.

मग बाई स्वयंपाकघरात आली. पाट मांडलेला होता. त्याचा एक पाय हलायचा. बाईने खाली वाकून पाट फिरवला, हलता पाय भिंतीकडे केला आणि मग बसली. वसुधाने तेही पाहिलं. पण घरोघरी पाट हलतात, असं तिने स्वतःला सांगितलं.

वनमालाने शेंड्याचं पान मांडलं. मीठ, लिंबू, चटणी, भोपळ्याची भाजी, काळ्या वाटाण्याचं सांबार, खीर. वाफाळता भात, त्यावर वरण, तूप. कढईतून काढलेले वडे. उदबत्ती लावली, पाणी सोडलं. "बसा सावकाश," ती म्हणाली.

बाईने हात लावला नाही.

"काही हवंय का?"

"आधी सगळ्यांचा होवंदे," बाई पानाकडे बघत हळू म्हणाली. "मी मागसून बसतंय."

वनमाला हसली. "अहो, असं कसं? आज तुमच्या आधी घरात कोणी घास घ्यायचा नाही. सुरू करा."

बाई तशीच. पाच मिनिटं गेली, दहा गेली. स्टोव्ह बंद केल्यामुळे घर अगदी शांत झालं होतं. जयवंत दारात आला आणि बायकोला डोळ्यांनी बाहेर बोलावून कुजबुजला, "काय झालं?"

"जेवत नाहीत."

"मीठ कमी पडलं असेल."

"हात लावला तर कळेल ना कमी का जास्त. तुमच्या मित्राने काय सांगून पाठवलंय त्यांना?"

"मला दुसऱ्या पाळीला जायचंय गं."

"जायचंय तर जा उपाशी." आणि मग वनमालाचा आवाज एकदम खाली आला. "अहो, सवाष्ण पानावरून उपाशी उठली, तर जिच्या नावाने पान वाढलं ती उपाशी राहते. वर्षभर. मला भीती वाटते."

ती परत आत गेली. भात निवला असेल तर बदलावा म्हणून तिने भाताच्या कडेला बोट लावलं, आणि झटकन काढून घेतलं.

"गार," ती म्हणाली. "आत्ता तर वाढला..."

वसुधा दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. तिला आठवलं. पान वाढताना पातेल्यातल्या भातातून वाफ येत होती. डावातल्या भातातून येत होती. पानावर भात पडला आणि वाफ थांबली होती. हळूहळू विरली नव्हती. कोणीतरी फुंकर घालून दिवा विझवावा तशी थांबली होती.

बाईने मान वर केली आणि पहिल्यांदाच वसुधाकडे पाहिलं. चेहरा अनोळखीच होता. पण ते बघणं... पुस्तकावरून नजर उचलली असती, तर त्या दुपारी अंथरुणावरून जे बघणं दिसलं असतं, तेच हे होतं.

वसुधाच्या तोंडून शब्द आले. आपण बोलतोय हे तिला बोलल्यावर कळलं.

"आजीला घावन हवं होतं."

"काय?" वनमाला वळली.

"त्या दिवशी. शेवटच्या दिवशी. तुम्ही कोणी नव्हतात. आजीने माझ्याकडे मागितलं होतं, तव्यावरचं, गरम. दोनदा हाक मारली. मी दिलं नाही. मी अभ्यास करत होते..."

जयवंतच्या तोंडावरचा रंग उतरला. बाहेर आजोबांची खाट करकरली.

"मग आधी नाही का सांगायचं," वनमाला कशीबशी म्हणाली. "आता तांदळाचं पीठ कुठून आणू? घरात चिमूटभर नाही."

"माळ्यार बघ," पानावरची बाई म्हणाली. "पिवळो डबो. फडक्यान तोंड बांधलेलो."

वनमालाच्या हातातला डाव खाली पडला. तो लादीवर गोल फिरत राहिला, आणि थांबेपर्यंत तिघंही त्याच्याकडेच बघत राहिली.

माळ्यावर पिवळा डबा होता. खानावळीतली जुनी भांडी त्यात असतील असं समजून आजी गेल्यापासून कोणी तो उतरवला नव्हता. जयवंत स्टुलावर चढला. डब्यावर बोटभर धूळ होती, फडक्याच्या गाठीवर कोळ्याने जाळं विणलेलं होतं. वनमालाने गाठ सोडली. आत तांदळाचं पीठ होतं, पांढरंशुभ्र. दीड वर्षाचं पीठ, पण त्यात ना जाळी ना किडा. तिने हात घातला आणि तसाच ठेवला.

"कोमट आहे," ती म्हणाली. "गिरणीतून आत्ता दळून आणल्यासारखं..."

जयवंत उंबऱ्यावर बसला.

"घालतलंस मा, बाये?" बाई म्हणाली.

वसुधाने स्टोव्हला पंप मारला. तिचे हात तिचे नव्हतेच जणू. पीठ, पाणी, मीठ. बिडाचा तवा. नारळाची शेंडी तेलात बुडवून तिने तव्यावर फिरवली, वाटीने कडेपासून आत पीठ ओतलं, झाकण ठेवलं. चर्र आवाज झाला. कडा सुटल्या. जाळी पडली. तिने उलथन्यावर घावन घेतलं, त्यातून भरपूर वाफ निघत होती. पानापर्यंत दोन पावलांचं अंतर. पानावर टेकलं, आणि वाफ गेली.

बाईने पदराखालून उजवा हात काढला आणि घावन मोडलं.

वसुधाला तो हात जवळून दिसला. चेहरा सत्तरीचा, मान सुरकुतलेली. पण हात कोवळा होता. गोल मनगट, गुळगुळीत कातडी, तेलाचा एक डाग नाही, चुलीचा एक चटका नाही. बोटीतून नुकत्याच उतरलेल्या तेरा वर्षांच्या मुलीचा असावा तसा.

बाई खात होती. सावकाश, डोळे मिटून. एक संपलं की पानाकडे बघायची. वसुधा दुसरं घालायची. वनमाला भिंतीला पाठ लावून उभी होती, मधूनच तिचे ओठ हलत होते. चर्र... झाकण... वाफ... आणि पानावर टेकताच काही नाही. किती वेळ चाललं कोणास ठाऊक. डबा खाली खाली जात गेला. वसुधाच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, पण तिला पुसायचं सुचत नव्हतं.

शेवटचं पीठ वाटीभरही नव्हतं. ते घावन तव्याला चिकटलं आणि काढताना फाटलं. तिने तसंच पानावर ठेवलं.

बाईने ते उचललं नाही. बोटाने कडेला सारलं.

"हो तुझो," ती म्हणाली. "तू जेवलंस खंय अजून?"

पितरांच्या पानावरचं पाहुण्याच्या हातून मिळालं तर नाही म्हणू नये, एवढं वसुधाला माहीत होतं. तिने ते फाटकं घावन उचललं. बर्फासारखं गार होतं. तिने ते उभ्या उभ्या, स्टोव्हकडे तोंड करून खाल्लं.

"जीव निवलो," बाई म्हणाली आणि उठली.

वनमालाने ओटी भरली. तांदूळ अर्धे खाली सांडले. साडी दिली, वाकून नमस्कार केला. डोकं वर करायचा तिला धीर होईना. बाई बाहेरच्या खोलीत आली. खाटेशी आजोबांच्या डाव्या हाताला पाण्याचा तांब्या ठेवलेला होता, रोज वनमाला तिथेच ठेवायची. बाईने तो उचलला आणि उजव्या हाताला ठेवला. मग दाराकडे गेली.

वसुधा दारात उभी होती. तिला फक्त हे संपायला हवं होतं. बाई उंबरा ओलांडून गेली, आणि वसुधाच्या पाठीत, मधोमध, बोट टोचल्यासारखं झालं. तिच्या मागे कोणीही नव्हतं.

"पुन्हा या हं," वसुधा म्हणाली.

आतून वनमालाने घशातून एक आवाज काढला.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर बाई थांबली. वळली नाही. "येतंय," ती म्हणाली.

मग ती उतरू लागली. तिसऱ्या मजल्यावरून पावलांचा आवाज नीट ऐकू येत होता. एक जिना झाला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आवाज थांबला. खाली गेला नाही आणि वरही आला नाही.

"जानकी," खाटेवरून आजोबा म्हणाले. जन्मभर त्यांनी तिला 'अगो' म्हणूनच हाक मारली होती. ते नाव त्यांच्या तोंडून घरातल्या कोणीच कधी ऐकलं नव्हतं. "जानकी तांब्यो ठेवून गेली. तिकाच म्हायत, माझो डावो खांदो उचलत नाय तो."

दीड वाजता पुन्हा कडी वाजली. कोणीच उठेना. शेवटी जयवंतने दार उघडलं. दारात एक उंच, जाड भिंगांचा चष्मा लावलेली म्हातारी उभी होती, घामाघूम.

"जयवंत ना तू? मी सीतारामची आई. काय रे, तुमच्यात दोन दोन सवाष्णी बोलावतात, तर सांगायचं तरी. दोन तास त्या कोपऱ्यावरच्या देवळात बसून काढला मी."

"दोन तास?" जयवंत म्हणाला. "कशाला?"

"मग काय करू? साडेअकराच्या आधीच आले होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक बाई भेटली, ठेंगणीशी. मला आडवी आली आणि म्हणते, 'वाईच थांब. माझा जेवाण होवंदे, मगे तू ये.' मला वाटलं, घरातलीच कोणी मोठी असेल." ती आत डोकावली. "झालं ना तिचं?"

रत्नप्रभाबाईंनी वनमालाचा चेहरा पाहिला, स्वयंपाकघरातलं उष्टं पान पाहिलं, लादीवर सांडलेले तांदूळ पाहिले. त्या शहाण्या होत्या. त्यांनी पाणीही मागितलं नाही. चपला काढलेल्याच नव्हत्या. 'येते' न म्हणता त्या वळल्या, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीला अंग घासत उतरल्याचा आवाज वरपर्यंत आला.

घरात त्यावर पुन्हा कोणी बोललं नाही. जयवंत कामाला जाऊ लागला. वनमालाने पिवळा डबा घासून उन्हात ठेवला आणि मग भंगारवाल्याला देऊन टाकला. वसुधाला कोणी रागावलं नाही. तिला वाटलं होतं, सगळं सांगून टाकल्यावर हलकं वाटेल, आणि तसं वाटलंही. एक दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनमालाने चहा ओतला. जयवंत बशीत फुंकर मारत होता. आजोबा चटका बसला म्हणून कुरकुरले. वसुधाने आपला कप तोंडाला लावला. गार होता. तिला वाटलं, आपणच उशिरा घेतला.

दुपारी भात गार होता. रात्री आमटी. शाळेत तिची मैत्रीण कमल हिने गाडीवरून दोन बटाटेवडे आणले, तिच्या हातातला वडा इतका गरम की ती या हातातून त्या हातात टाकत होती. वसुधाच्या हातातला वडा कालचा असावा तसा. वसुधाने कोणाला सांगितलं नाही. ती हळूहळू सगळ्यांच्या मागून जेवायला बसू लागली, म्हणजे गार का, असं कोणी विचारणार नाही. एकदा तर तिने पातेलंच पुढ्यात ओढलं आणि खरवडीला हात घातला. तेव्हा वनमालाने तिच्याकडे टक लावून पाहिलं.

पुढच्या रविवारी वनमालाने ताटं वाढली आणि सगळ्यांना एकदमच बसवलं. "आज तू माझ्याशेजारी बस," ती वसुधाला म्हणाली. भात नुकताच उतरवलेला होता. वाढताना वनमाला डावाकडे बघत नव्हती, ताटाकडे बघत होती. वसुधाच्या ताटात भात पडला.

वनमालाने आपला तळवा त्या भातावर धरला. बराच वेळ धरला. मग तिने वसुधाचं ताट आपल्यापुढे ओढलं आणि आपलं, वाफा येत असलेलं ताट वसुधाच्या पुढे सरकवलं.

वसुधापुढे येताच त्या ताटातली वाफ थांबली.

आणि आईपुढे ओढलेल्या ताटातल्या गार भातातून, दोघींच्या डोळ्यांदेखत, हळूहळू वाफ वर येऊ लागली.